वलांडीचा पहिला खांब

पालघर,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय वत्सू,

तुझ्या हुकुमावरून दातिवऱ्याला जाऊन आले. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहायला गेले की माझा अंगठा शेजारचं अक्षर दाबतो, म्हणून हे पत्र. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेला, आणि आपल्या दोघींच्या वाट्याला मात्र पोस्टमन.

तर तुमच्या गावचा बर्फाचा कारखाना. त्याचं नाव आता ‘लादी कलाग्राम’. तुला वर्तमानपत्रात वाचून शंका आली होती की भिंती पाडल्या असतील. पाडलेल्या नाहीत. दगडी भिंती, उंच खिडक्या, बर्फाची लादी होडीपर्यंत सोडायची लाकडी घसरगुंडी, सगळं जागच्या जागी आहे. गेटवर एक मुलगी माझ्या मनगटाला कागदी पट्टी बांधायला आली, जशी काही मी हॉस्पिटलात भरती होते आहे. मी म्हटलं, “बाई, मी हरवणार नाही, आणि हरवले तर ही पट्टी वाचून मला घरी आणण्याइतकी घाई कोणाला नाही.” माझी भाची मेघाली माझ्याबरोबर होती, ती दहा पावलं पुढे जाऊन उभी राहिली.

बर्फाचे पत्र्याचे डबे उलटे घालून त्यांची स्टुलं केली आहेत. बसता येतं, उठता येत नाही. मिठाच्या पाण्याची जी मोठी टाकी होती, तिच्यात आता गाद्या घातल्या आहेत. लोकांनी आडवं पडून स्पीकरवर समुद्राचा आवाज ऐकायचा. भिंतीपलीकडे खरा समुद्र फुकट वाजतो आहे, पण तो ऐकायला कोणी आडवं पडत नाही. इंजिनघरात एक बाई फाटक्या जाळ्यांची पांघरुणं विणते, ते मात्र सुंदर होतं. मी तसं तिला सांगितलं नाही, मेघालीला सांगितलं.

आता खरी गोष्ट. मागच्या अंगणात खांब रोवून, काठ्या बांधून, त्यांवर बोंबील टांगले होते. जोडीजोडीनं, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, अगदी तुमच्याकडे सुकवायच्या वलांडीवर करतात तसे. आणि पुढे पाटी, ‘कृपया हात लावू नये’, तशीच जशी बाकीच्या सगळ्या कलाकृतींपुढे होती. समोर दोन पोरी कागदावर त्याचं चित्र काढत होत्या. वत्सू, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोळणींनी पहाटेपासून हात सोलवटून करायचं काम, आणि यांनी बाजारातून बोंबील आणून त्याची शोभा मांडली.

तिथला व्यवस्था पाहणारा मुलगा हर्षित. केसांचा अंबाडा, ढगळ सदरा. आपल्या कॉन्व्हेंटात शिकवलेल्या इंग्रजीत मी त्याला उभा धरला. आमच्या बायकांचे कष्ट म्हणजे तुमच्या भिंतीवरचा कागद नव्हे, असं मी म्हणाले, आणि बरंच काही म्हणाले. शेवटी तो मान खाली घालून म्हणाला, “तुमचं बरोबर आहे, मॅडम. उद्याच काढतो.”

तुझ्या गावासाठी एवढं केलं. आभार मानायची गरज नाही.

तुझी,
शालू


बडोदे,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय शालू,

तुझं पत्र मी सुनेला मोठ्यानं वाचून दाखवत होते. बोंबलांपर्यंत आले आणि वाचायची थांबले. तिला वाटलं मला काही झालं. हसू येत होतं की रडू, ते मलाही सांगता येईना.

अगं बाई, ती वलांडी खरी आहे. माझ्या साखरवहिनीची. नामदेवदादा गेल्यावर ती त्याच बोंबलांवर घर चालवते. कारखाना चालू होता तेव्हापासून तिची वलांडी त्या अंगणात आहे. हे कलाकार आले तेव्हा ती खांब काढायला निघाली होती, तर त्या मुलानंच तिला सांगितलं की मावशी, राहू द्या, आम्हीच नवे आहोत. ती पाटी त्यानं लावली कारण शनिवार-रविवारची पाहुणेमंडळी बोंबील गळ्यात घालून फोटो काढायची.

गावात दुसरी जागा नाही असं नाही. पण बाहेर वाळू आहे, कुत्री आहेत, रस्त्याची धूळ आहे. वाळू लागलेला बोंबील दाताखाली कचकचतो, तो माणसं खात नाहीत, तो खताच्या गोणीत जातो. त्या अंगणात खाडीवरून सरळ वारा येतो आणि चारी बाजूंनी भिंत आहे. डिसेंबरचा वारा म्हणजे तिचं वर्ष.

तू म्हणतेस उद्याच काढतो म्हणाला. काढली असेल तर, शालू, तू माझ्या भावजयीच्या कष्टांचा मान राखायला तिच्या पोटावर पाय दिलास. लवकर कळव.

तुझी,
वत्सला

ता. क. तू भाजी-आमटीच्या घरची नाहीस, मासे खाणाऱ्या सावे-चुरींच्या वाडीत वाढलेली आहेस. बोंबील ओले टांगून सुकवलेले आहेत की बाजारातून आणलेले, हे तुला नाकानं कळायला हवं होतं.


पालघर,
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय वत्सू,

माझ्या नाकापर्यंत जायचं कारण नव्हतं. बर्फाच्या डब्यांवर माणसं बसतात, टाकीत माणसं झोपतात, जाळ्यांची पांघरुणं होतात. अशा ठिकाणी बोंबील हे बोंबील असतील असं कोणत्या शहाण्या माणसाच्या डोक्यात येईल? पाटी सारखी, तिचा रंग सारखा, अक्षरसुद्धा सारखं. ‘ही वलांडी साखरबाईंची आहे’ एवढं लिहायला त्यांना काय झालं होतं? कलेत सगळं न सांगता सोडायचं असतं म्हणे. मग असं होतं.

पण चूक ती चूक. मी हर्षितला फोन केला, त्याच्याशी नीट बोलले, आणि विषय मिटला आहे. तू काळजी करू नकोस. साखरबाईंना माझा नमस्कार कळव आणि म्हणावं, आता निवांत बोंबील घाला.

इकडे थंडी अजून नावालाही नाही. मेघालीनं त्या जाळीवाल्या बाईकडून एक पांघरूण मागवलं आहे. मला दाखवायला आली तेव्हा मी म्हटलं, यात थंडी आणि मासे दोन्ही आरपार जातील.

शालू


बडोदे,
८ डिसेंबर २०२४

शालू,

काल माझ्या मुलानं दातिवऱ्याला फोन लावला. वहिनीची नात किंजल बोलली. बोंबील समाजमंदिराच्या गच्चीवर आहेत. कावळ्यांचं संमेलन भरलं आहे. वहिनी दिवसभर काठी घेऊन वर बसते आणि बाकीची कामं तशीच पडतात. निम्मा माल खताला गेला.

तू मिटला म्हणतेस तो विषय कोणता?

मला खोटं लिहू नकोस. शाळेत तू सिस्टरना सांगायचीस की गृहपाठ केला आहे, फक्त घरी राहिला. तेव्हाही तुझं अक्षर एवढंच सुबक यायचं. खोटं लिहिताना तू रेघा सरळ काढतेस.

आणखी एक ऐक. जागा परत मिळाली तरी वहिनी आपण होऊन खांब पुरणार नाही. आमच्या पाड्यात एक रीत आहे. भांडणात कोणाची वलांडी उतरली, तर ज्याच्यामुळे उतरली त्यानं येऊन पहिला खांब आपल्या हातानं पुरायचा. तो पुरेपर्यंत त्या जागेवर घरातलं कोणी बोंबील घालत नाही. नाहीतर जो उठेल तो वलांडी उतरवेल आणि दुसऱ्या दिवशी विसरून जाईल. मोठमोठ्या भांडणांत होड्या चालवणाऱ्या तांडेलांनी वाकून खांब पुरलेले मी पाहिले आहेत.

वत्सला


पालघर,
१७ डिसेंबर २०२४

प्रिय वत्सू,

रेघा बघ, वाकड्या आहेत. खरं लिहिते आहे.

हर्षितला मी फोन केला होता हे खरं. तो नाही म्हणाला हेही खरं. मी त्याला सांगितलं की माझी चूक झाली, वलांडी परत लावा. तर तो मलाच समजावायला लागला. “मॅडम, तुम्ही त्या दिवशी जे बोललात त्यावर मी रात्रभर विचार केला. माझी आई कुंभवलीला एका कंपनीत पॅकिंगला जाते. ती पॅकिंग करत असताना काचेतून माणसं बघायला उभी राहिली तर मला सहन होणार नाही. मग साखरमावशींना मी तसं का बसवावं?” मी या मुलाला मुंबईचा समजून इंग्रजी झाडत होते. तो निघाला बोईसरचा, सालवडच्या चाळीत वाढलेला. बाप बिहारहून आला, तोही कारखान्यात. औद्योगिक वसाहतीतल्या भंगारातून तो घोड्यांचे पुतळे करतो. आणि माझं भाषण त्यानं सगळ्या कलाकारांना ऐकवून नियम करून टाकला की गावच्या माणसांचं काम कोणी दाखवायला मांडणार नाही. आयुष्यात माझं बोलणं एवढं मनावर घेणारा पहिला माणूस भेटला, आणि तो याच वेळी भेटायचा होता.

तुझं पत्र आल्यावर गेले. त्याला धरून समाजमंदिराच्या गच्चीवर नेला. साखरबाई काठी घेऊन बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हंजे इंग्लिशवाली बाय तुमी.”

मी म्हटलं, “हो.”

“तुमी काय बोललात ते आमाला कल्लं नाय. बोंबील उतरले तवा कल्लं.”

हर्षितनं आपलं ते सगळं पुन्हा सांगितलं, आईचं, काचेचं. साखरबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “पोरा, मला कोनी बगितलं तर माजं काय झिजतं? मी बाजारात बसते तवा आख्खं सफाळं बगते. वास आला तर नाक धरतील. तुजी आय बंद खोलीत काम करते, तिचं येगलं हाय. मी उगड्यावरची बाय.”

मग “मावशी, उद्या या,” एवढंच हर्षित म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा त्यानं स्वतः खड्डे खणून सगळे खांब उभे केले होते. अगदी ओळंबा लावून. साखरबाई आल्या, खांबांवरून हात फिरवला आणि विचारलं, “पयला कोनी पुरला?”

“मी,” हर्षित म्हणाला.

“मग काड.”

मी म्हटलं, “का? यानंच तर उतरवली होती.”

“त्यानं हातानं उतरवली. उतरली ती तुमच्या जिबंनं.” आणि टोपली कमरेला लावून परत गेल्या.

मी तिथल्या तिथे सांगितलं आणि तुलाही सांगते. हात कोणाचा होता ते सगळ्यांनी पाहिलं आहे. बोलल्यानं खांब पडत असते तर मी टेलिफोन खात्याचे किती पाडले असते. मी माफी मागितली आहे, दोनदा गेले आहे, एसटीत उभ्यानं गेले आहे. चारचौघांत खांब पुरायला मी काही तांडेल नाही. या वयात माझ्याच्यानं होणार नाही आणि झालं तरी मी करणार नाही.

शालू


बडोदे,
२२ डिसेंबर २०२४

शाले,

सिस्टर तुला बाकावर उभं करायच्या तेव्हाही तू हेच म्हणायचीस की बोलण्यानं कोणाचं काय बिघडलं.

वारा सुटला आहे. किंजल म्हणाली, समुद्राला बोंबील भरपूर आहे आणि वहिनी ओला माल पडेल त्या भावाला देऊन टाकते, सुकवायला जागा नाही म्हणून. अंगण रिकामं आहे. हर्षितनं पुरलेले खांब उभे आहेत आणि त्यांवर एक काठी चढलेली नाही.

आता सगळं तुझ्या जाण्यावर आहे. मी यापुढे काही लिहिणार नाही.

वत्सला


पालघर,
३० डिसेंबर २०२४

प्रिय वत्सू,

गेले. परवा, शनिवारी. मुद्दाम आडवारी जाणार होते, पण साखरबाईंनी दिवस तोच सांगून पाठवला. नाताळची सुट्टी, कलाग्रामात जत्रा असावी तशी गर्दी. त्या बाईला दिवस बरोबर निवडता येतो.

हर्षितनं पहिला खांब उपटून बाजूला ठेवला होता. खड्डा तसाच होता. मी साखरबाईंना विचारलं, “खड्डा मीच खणायचा?”

“खड्डा कोनी पन खनू दे. खांब तुमी.”

सुरूचा ओला खांब, वत्सू. दिसतो काठीसारखा, उचलला की कळतो. पदर खोचला, चपला काढल्या, खांब मिठीत घेतला आणि खड्ड्यात सोडला. तो एकीकडे कलला. मी सरळ केला, तो दुसरीकडे कलला. तोवर भोवती कडं झालं होतं. सगळ्यांचे मोबाइल वर उचललेले. साखरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“घट धरा, बाय. हलतोय. तुमी टेलिफोनवाल्या ना? तुमचे खांब पन असेच होते काय?”

“आमचे खांब आमच्या बायका पुरत नव्हत्या,” मी म्हटलं.

“तरीच.”

हर्षित माती लोटत होता, मी पायानं दाबत होते. दाबून झाल्यावर साखरबाईंनी खांब हलवून पाहिला. पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा हलवायला हात नेला तेव्हा मी म्हटलं, “बाई, आता तो पडला तर तुमच्यामुळे पडेल, मग तुम्ही पुरा.” तेव्हा त्या हसल्या. पहिल्यांदा. दात फार सुंदर आहेत तुझ्या वहिनीचे.

तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक गॉगलवाली बाई पुढे येऊन मला इंग्रजीत विचारते, हा प्रयोग किती वाजेपर्यंत आहे? मी मराठीत म्हटलं, “होळीपर्यंत.” तिला ते समजलं नाही, म्हणून मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. साखरबाईंनी माझा दंड धरला. “इंग्लिश नको, बाय. मागच्या टायमाला म्हागात पडलं.”

मग गावातल्या बायकांनी बाकीच्या काठ्या चढवल्या आणि टोपल्या आल्या. मी घरी निघाले होते. मला खाली बसवलं. डाव्या हातात एक बोंबील, उजव्या हातात दुसरा, जबड्यात जबडा घालायचा आणि काठीवर टाकायचा. मेलेला मासा चावतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या बोटांची चाळण झाली आहे, म्हणून अक्षर असं. माझ्या जोड्या सुटून सुटून खाली पडत होत्या. साखरबाई मागून येऊन एकेक उचलून पुन्हा लावत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. माझ्याकडे बघून मान हलवत, ते बोलण्यापेक्षा वाईट. दुपारपर्यंत सगळी वलांडी भरली. वारा आला की सगळे बोंबील एकदम एकाच बाजूला झुलत होते. हर्षितनं एक नवी पाटी आणली, ‘ही साखरबाईंची वलांडी. त्या कामात आहेत.’ मी ती वाचली, काही चूक सापडली नाही, आणि परत दिली.

निघताना साखरबाई गेटपर्यंत आल्या. त्या म्हणाल्या, “मंग शनिवारी या.”

“कशाला?”

“खांब बगाया. वत्सूनं सांगितलं नाय? ज्यानं पुरला त्यानं होळीपर्यंत बगायचा. वारा मोठा आला, खांब ढिला पडला, तर माती त्यानंच भरायची. दुसऱ्या कोनी हात लावायचा नाय.”

तू मला हे लिहिलं नव्हतंस. रीत सांगितलीस ती अर्धी सांगितलीस, आणि मला म्हणतेस खोटं लिहू नको. तुझं अक्षर त्या पत्रात किती सुबक आलं आहे ते मी काल पुन्हा काढून पाहिलं.

मी साखरबाईंना सांगितलं की मला दर शनिवारी जमणार नाही, मला कामं असतात. त्यांनी विचारलं, कसली? मी विचार करत उभी राहिले तोवर एसटी आली.

आज संध्याकाळपासून वारा चढला आहे. इथे पालघरात खिडकी आपटते म्हणजे तिकडे खाडीवर काय असेल. शनिवारची वाट बघण्यात अर्थ नाही. मेघालीला सांगितलं आहे, उद्या जेवायला थांबू नकोस, मी सकाळच्या पहिल्या गाडीनं दातिवऱ्याला जाते आहे, माझा खांब आहे तिथे.

तुझी,
शालू